आणखी काय घेतेस?

"गोळी बंद करून किती दिवस झाले?" वाळिंबे मॅडमनी विचारलं.

"सोळा."

"मधे एखादी घेतली नाहीस ना? चुकून?"

"नाही."

त्यांनी दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सोळा दिवसांपूर्वीच्या कागदावर एकशे बेचाळीस लिहिलं होतं, आजच्या कागदावर तीनशे दहा. हा आकडा चाळीसच्या आत असावा लागतो, एवढं मला एव्हाना कळत होतं. त्याचं नावही पाठ झालं होतं, एसजीपीटी. लिव्हरला इजा झाली की तो रक्तात वाढतो.

"गोळीमुळे वाढला असता तर गोळी थांबवल्यावर उतरायला लागला असता," मॅडम म्हणाल्या. "हा तर दुपटीच्या वर गेलाय. आणखी काय घेतेस?"

"काही नाही."

"तापाची, दुखण्याची गोळी? वजनाची पावडर? चूर्ण, काढा, पुड्या?"

"काही नाही मॅडम."

त्यांच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या कातडीचं मोठं रंगीत चित्र होतं. केस, घामाच्या नळ्या, चरबीचे पिवळे गोळे. मी त्या चित्राकडे बघत बोलत होते. मॅडमच्या ते लक्षात आलं असणार.

"सोमवारी पुन्हा रक्त दे," त्या म्हणाल्या. "आणखी वाढलं तर तुला दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि प्रणिता, मला कुणावर रागवायचं नाहीये. फक्त कळायला हवं."

मी मान हलवली आणि बाहेर आले. बाहेर बाकावर अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. चिपळूणची गाडी डेपोत लावून ते खाकी कपड्यांतच थेट आले होते.

"काय म्हणाल्या?"

"थोडं वाढलंय."

"किती?"

मी खरा आकडा सांगितला. अण्णांनी तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हटला आणि उठले. वाटेत मार्केट यार्डापाशी ते म्हणाले, "उद्यापासनं जरा दाट करतो."

ते काढ्याबद्दल बोलत होते.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी वीस वर्षांची होते, कराडला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. अण्णा एसटीत ड्रायव्हर. घरात आम्ही दोघंच. आई मी नऊ वर्षांची असताना गेली.

सतराव्या वर्षी सगळ्यांना येतात तशा मलाही तोंडावर पुटकुळ्या आल्या. इतर मुलींच्या गेल्या, माझ्या वाढत गेल्या. गालांवर, हनुवटीखाली आणि पाठीवर आतून टणक गाठी यायच्या. हात लागला तरी कळ जायची. रोज सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसायचे. अण्णा ड्युटीवर जायच्या आधी तो अभ्रा धुऊन दोरीवर टाकायचे आणि त्याबद्दल कधीच काही बोलायचे नाहीत. मी कॉलेजात तोंडाला ओढणी बांधून बसायला लागले. एकदा तोंडी परीक्षेला सर म्हणाले, "ओढणी काढ, ऐकू येत नाही." वाईट हेतूनं नव्हते म्हणाले. पण मी उठून घरी आले आणि पुढचे आठ दिवस गेलेच नाही.

नवव्या दिवशी अण्णांनी ड्युटी बदलून घेतली आणि मला वाळिंबे मॅडमकडे नेलं. कातडीच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मलमानं हे जाणार नाही. गोळी द्यावी लागेल. चांगली गोळी आहे, पण जपून घ्यायची. जेवणानंतर घ्यायची, जेवणात तेल-तूप असू दे. टॉनिकं घ्यायची नाहीत. मला विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नको. लग्न ठरत असेल तर आधी मला सांगायचं, कारण ही चालू असताना दिवस राहून चालत नाही. आणि आज रक्त, मग दर महिन्याला रक्त."

"रक्त कशापायी?" अण्णांनी विचारलं.

"लिव्हरसाठी. त्रास थोड्याच जणांना होतो. वेळेवर कळलं की डोस कमी करता येतो, थांबवता येतं. म्हणून तर तपासायचं."

अण्णांच्या मांडीवर टोपी होती. तिच्या कडेवरून फिरणारं त्यांचं बोट थांबलं. माझी आई कावीळ होऊन गेली होती. अकरा वर्षांत आमच्या घरात तो आजार कुणी उच्चारला नव्हता. खरं तर आईबद्दलच कुणी काही बोलत नसे. तिचा फोटो होता, रोज त्याला फूल वाहिलं जायचं, तेवढंच.

गोळी सुरू करण्याआधी माझा आकडा चोवीस होता. महिन्यानं अडतीस आला. मॅडम म्हणाल्या, "अगदी व्यवस्थित, चालू ठेव." मी खुशीत होते, कारण गाठी बसायला लागल्या होत्या. अण्णा मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाले, "चोवीसाचं अडतीस झालं."

"चाळीसपर्यंत चालतं, अण्णा."

"मग दोनच राहिलं की."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते पाटणच्या पुढे डोंगरात गेले. तिथं बंडूनाना म्हणून एक म्हातारे होते. कावीळ उतरवण्याचं औषध द्यायचे. आधी त्यांची आई द्यायची, मग ते. एका नारळापलीकडे कुणाकडून काही घेत नसत. अण्णा त्यांच्याकडून मुळ्या, साली आणि वाळलेला पाला असं एक गाठोडं घेऊन आले. त्यात काय काय होतं ते नाना कुणालाच सांगत नसत.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी काढा उकळायला लागला. चहाच्या आधी, गाणं गुणगुणत वगैरे नाही, अगदी गंभीरपणे अण्णा ते पाणी आटवत उभे राहायचे. मग गाळून माझ्यापुढे अर्धा पेला धरायचे. इतकं कडू की जिभेचं मूळ आखडायचं.

"लिव्हर राखतंय हे," ते म्हणाले. "गोळी तोंडाचं बघंल, हे आतलं बघंल."

"मॅडमना विचारू या का?"

"नको. हसतील."

"त्या नाही हसणार."

"हसत्यात. मला म्हाईत हाय."

त्यांना कसं माहीत, हे मी विचारलं नाही. पण मॅडमना सांगायचं नाही, असं मी त्यांना कबूल केलं.

काढा सुरू झाल्यावर महिन्यानं आकडा एकशे बेचाळीस आला. मॅडमनी गोळी बंद केली. अण्णांनी काढा सकाळ-संध्याकाळ केला. आणि सोळा दिवसांनी तीनशे दहा.

मला संशय आला नव्हता, असं म्हणणं खोटं ठरेल. मॅडमनी "काढा" हा शब्द उच्चारला तेव्हाच तो आला होता. पण ते मान्य करायचं म्हणजे घरी येऊन अण्णांना काय सांगायचं होतं? बायको ज्या आजारानं गेली तो आजार लेकीच्या वाटेला जाऊ नये म्हणून हा माणूस पहाटे उठून चुलीपुढे उभा राहतो, आणि त्याच्याच हातानं ते होतंय? त्यापेक्षा मी आजारी पडले तरी चालेल असं मला वाटलं. विसाव्या वर्षी असं वाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात केस वाळवत होते. अण्णा काढ्याचा पेला घेऊन तिथंच आले. एरवी ते स्वयंपाकघरात द्यायचे आणि आमचं स्वयंपाकघर अंधारं होतं. परसात ऊन होतं. ते माझ्यापुढे उभे राहिले, ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं आणि मला त्यांचे डोळे दिसले. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग पांढरा नव्हता. हळदीचा हात पुसल्यावर फडक्याला राहतो तसा रंग.

एकदम मागचे आठ-दहा दिवस आठवले. अण्णा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत होते. दुपारी कधी न झोपणारा माणूस पायांत बूट तसेच ठेवून आडवा होत होता. मी विचारलं तर म्हणायचे, घाटात गाडी चालवून अंग मोडून येतंय.

"अण्णा, तुम्ही पण घेता का हे?"

"मग? मी घेतल्याबगर तुला कवा दिलंय?" ते म्हणाले. "आधी आपण प्यायचं, काय होतंय का बघायचं, मग लेकराला द्यायचं."

"किती घेता?"

"भरून पेला."

"संध्याकाळी पण?"

"व्हय. का?"

मी आत जाऊन खिळ्यावरचा त्यांचा दाढीचा आरसा आणला आणि त्यांच्या हातात दिला. "डोळे बघा."

त्यांनी पेला कट्ट्यावर ठेवला. आरसा उजेडात धरून ते बघत राहिले. घाबरले नाहीत. तो रंग त्यांनी पूर्वी बघितलेला होता, रोज जवळून बघितलेला होता. मग आरसा खाली ठेवून ते माझ्याजवळ आले. अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्यांनी आधी डावा डोळा बघितला, मग उजवा.

"तुझं पांढरं हायेत," ते म्हणाले आणि कट्ट्यावर बसले.

"अण्णा..."

"ह्यानंच झालं म्हणतीस?"

"मला नाही माहीत. पण गोळी मी घेत होते. तुम्ही नाही."

हे वाक्य मी मुद्दाम जुळवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. अण्णांनी पेल्याकडे बघितलं. मी तो उचलला आणि मोरीत ओतला. त्यांनी अडवलं नाही.

"चल," ते म्हणाले. "डागतरीणबाईंना सांग जा समदं. मी पण येतो."

मॅडमसमोर मी सगळं सांगितलं. गाठोडं किती दिवसांपूर्वी आणलं, किती उकळायचं, किती घ्यायचं, काल मी खोटं का बोलले. अण्णा मान खाली घालून उभेच होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अण्णांना खुर्चीवर बसवलं, त्यांचे डोळे बघितले, पोटावर हात दाबून बघितलं आणि तिथूनच शेजारच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

अण्णांचा आकडा आठशे साठ होता. त्यांना पाच दिवस दवाखान्यात ठेवलं. पाण्यातून, रक्तातून होणाऱ्या काविळी असतात, त्या सगळ्या तपासण्या झाल्या. एकही निघाली नाही. दारूला तर त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता.

"हा काढाच, असं मी शंभर टक्के नाही सांगू शकत," मॅडम मला म्हणाल्या होत्या. "त्यात काय आहे तेच आपल्याला माहीत नाही. एखादी मुळी एकाला सोसते, दुसऱ्याला नाही सोसत. तुझ्या गोळीचंही थोडं असेल. आता दोघांचंही सगळं बंद करायचं आणि बघत राहायचं. आकडाच सांगेल."

आकड्यानं सांगितलं. पंधरवड्यात माझा तीनशे दहावरून एकशे वीसवर आला, पाच आठवड्यांनी बत्तीस. अण्णांचा हळूहळू उतरला. ते दीड महिना रजेवर होते. दिवसभर ओसरीवर बसून राहायचे. माझ्याशी बोलायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. "अण्णा, तुम्ही काय मुद्दाम केलं का?" असं मी एकदा समजूत घालायला म्हटलं तेव्हा ते उठून आत गेले.

अंगात जरा बळ आल्यावर एका सकाळी ते मला न सांगता बंडूनानांकडे जाऊन आले. सोबत दोघांचे रिपोर्ट नेले होते. संध्याकाळी परत आले तेव्हा मी विचारलं, "भांडलात?"

"भांडायचं काय? त्याच्या आईनं दिलं, त्यो देतो. समदं ऐकून घेतलं त्यानं. म्हणला, आजवर कुणी परत येऊन सांगितलंच न्हाई." मग म्हणाले, "बंद करंल का, ते न्हाई मला म्हाईत. मी सांगून आलो."

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही मॅडमकडे गेलो. माझा आकडा सलग दोनदा चांगला आला होता. मॅडम म्हणाल्या, गोळी पुन्हा सुरू करता येईल, पण निम्म्या डोसनं, आणि पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त. "वेळ जास्त लागेल. घाई नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. आणि खरंच लागला वेळ. आठ-नऊ महिन्यांनी गाठी पूर्ण गेल्या. खड्डे राहिले, ते आजही आहेत.

"तापाची गोळी घ्यायची झाली तरी आधी मला फोन," मॅडमनी पुन्हा सांगितलं. "आणि घरात कुणी प्रेमानं काही दिलं तर..."

"तर आधी तुम्हाला सांगायचं."

मी उठले. अण्णा उठले नाहीत. त्यांनी सोबत आणलेली प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर घेतली. ती माझ्या रिपोर्टांची आहे असं मला वाटत होतं.

"बाई, एक इचारू का?" ते म्हणाले. "ह्या कामाचं न्हाई, दुसरंच हाय."

"विचारा ना."

त्यांनी पिशवीतून कागद काढले. पिवळे पडलेले, घड्यांवर विरलेले. वरच्या कागदावर आईचं नाव होतं. हे कागद घरात आहेत हेच मला माहीत नव्हतं.

"हिची आई. कावीळ झालती. मी दवाखान्यात नेलं. तवा सासूबाई म्हणल्या, दवाखाना नको, पाटणच्या डोंगरात औषध हाय, ते द्या. मी तिथल्या डागतरला इचारलं, ते पण आणून देऊ का? त्यो हसला. म्हणला, मग घरी न्या पेशंट. मी न्हाई आणलं मग औषध. चौथ्या दिवशी ती गेली." अण्णांचा आवाज अगदी साधा होता, गाडीचं वेळापत्रक सांगावं तसा. "मातीला सासूबाई म्हणल्या समद्यांच्या देखत, डोंगरातलं औषध दिलं असतं तर माझी पोर जगली असती. अकरा वर्सं झाली. मला हेच इचारायचंय. दिलं असतं तर?"

मी दाराशी उभी होते. मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक कागद वाचायला घेतला. बाहेर पेशंट थांबले होते, तरी त्यांनी घाई केली नाही. एक कागद त्यांनी दोनदा वाचला.

"मी कातडीची डॉक्टर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण हे एवढं कुठल्याही डॉक्टरला वाचता येतं. तुम्ही त्यांना डोळे पिवळे दिसल्यावर दुसऱ्या दिवशी आणलंय. इथं तारीख आहे. याहून लवकर कुणी आणत नाही. आल्या तेव्हाच लिव्हर बंद पडत चाललं होतं. तेव्हा त्यांना जे देता येत होतं ते सगळं दिलेलं दिसतंय. त्या काढ्यानं त्या वाचल्या नसत्या."

"न्हाई?"

"नाही. त्यांचे हाल वाढले असते फक्त."

अण्णांनी मान हलवली. कागद गोळा करून, कडा जुळवून पिशवीत भरले. "त्यो हसला नसता तर मी तवाच इचारलं असतं नीट," ते म्हणाले.

"हसायला नको होतं त्यांनी," मॅडम म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. अण्णा पायऱ्यांकडे न जाता बाहेरच्या बाकावर बसले. मी शेजारी बसले. समोर एक बाई तान्ह्या मुलाच्या हातावरचा चट्टा नवऱ्याला दाखवत होती. अण्णा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि माझ्याकडे वळले. दीड महिन्यात पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"तुझ्या आईला पण असंच फोड यायचं तोंडावर," ते म्हणाले.

"आईला?"

"व्हय. लय. लग्नात हळद लावायला बाया आल्या तर कळवळायला लागली. बाया ऐकंनात. तर ही उठली, हळदीचं ताट घेतलं आन म्हणली, द्या इकडं, माझी मीच लावते." अण्णा हसले. "आमच्याकडची माणसं म्हणली, पोरगी लय आगाऊ हाय. मी म्हणलं, असू द्या."

आई गेल्यापासून मी तिचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

"आणखी सांगा," मी म्हणाले.

अण्णांनी पिशवी बाजूला ठेवली आणि सांगायला लागले.